सामायिक वेब सर्व्हर: बँडविड्थ आणि वाचकसंख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या काही लहान संस्था आणि हौशी गटांनी वर्गणी काढून मिळून चालवलेल्या सर्व्हरवर जे आपापली साइट सांभाळतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. वाचनालय, गिर्यारोहकांचा गट, पक्षीनिरीक्षक, गणेश मंडळ, दोन-तीन सोसायट्या, शाळेचा माजी विद्यार्थी संघ असे सगळे इथे एका यंत्रावर नांदतात. वाचनालयाचे पान सांभाळणाऱ्या निवृत्त बाई असोत की ट्रेकच्या तारखा टाकणारा कॉलेजातला मुलगा, उत्तर दोघांनाही कळायला हवे, म्हणून शक्य तिथे साध्या शब्दांत लिहिले आहे.

बँडविड्थ आणि डेटा ट्रान्सफर एकच ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात जास्तीत जास्त किती माहिती बाहेर जाऊ शकते. डेटा ट्रान्सफर म्हणजे महिनाभरात एकूण किती गेली. सोसायटीच्या हिशोबात सांगायचे तर पहिली नळाची जाडी आणि दुसरे महिन्याला आलेले टँकर. टँकर कितीही येवोत, सकाळी सातला सगळ्यांनी एकदम नळ सोडला की वरच्या मजल्यावर धार बारीक होतेच.

आणखी एक गोष्ट: जोडणीचा वेग बिट्समध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइट्समध्ये. आठ बिट्सचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट्स) जोडणीतून सेकंदाला फार तर १२.५ एमबी जातात. १ एमबीपीएसचा प्रवाह ३० दिवस अखंड चालला तर ३२४ जीबी होतात. समजा आपल्याला महिन्याला २ टीबी मिळतात. १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने वाहिली तर हा सगळा कोटा दोन दिवसांच्या आत, साधारण ४४ तासांत संपतो. जोडणी वेगवान आहे म्हणून कोटाही मोठा असेल, हे गृहीत धरू नका.

आमच्या अहवालात महिन्याला एवढे हिट्स दिसतात. म्हणजे तेवढे वाचक आले का?

नाही. ब्राउझरने मागितलेली प्रत्येक फाइल म्हणजे एक हिट. एका पानावर २५ फोटो, दोन स्टाइल फाइल्स आणि एक फाँट असेल, तर एका माणसाने ते पान एकदा उघडले की पानासह २९ हिट्स होतात. फोटो वाढवले की हिट्स वाढतात, वाचक तेवढेच राहतात. हिट्सचा आकडा सर्व्हरला किती काम पडले एवढेच सांगतो.

त्यापेक्षा 'पाने' हा रकाना बरा, आणि 'भेटी' त्याहून बरा. भेट म्हणजे एकाच पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या आयपी क्रमांकावरून) सलग आलेल्या मागण्या. पण सलग म्हणजे किती वेळ, हे प्रत्येक साधन आपापले ठरवते. वेबअलायझर ३० मिनिटे शांतता गेली की पुढची मागणी नवी भेट धरतो, एडब्ल्यूस्टॅट्स ६० मिनिटे थांबतो. म्हणून एकाच लॉगवर (सर्व्हरने ठेवलेल्या मागण्यांच्या नोंदवहीवर) दोन साधने चालवली तर भेटींचे दोन आकडे येतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

'वेगळे वाचक' या रकान्यावर सर्वांत कमी भरवसा ठेवा. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यामागून बाहेर सोडतात, त्यामुळे अनेक माणसे एक दिसतात. उलट आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर फोन आपला पत्ता अधूनमधून बदलतो, त्यामुळे एक माणूस अनेक दिसतो. घरच्या वाय-फायवरून वाचून मग बसमध्ये मोबाइल डेटावर तेच पान उघडले, तर तोही नवा वाचक. या चुका एकमेकींना खोडून काढतील असे मानायला काहीही आधार नाही. एकाच साधनाने मोजलेले दोन महिने एकमेकांशी ताडून पाहा, त्यातून कल नक्की कळतो.

व्हीएनस्टॅट एक आकडा सांगतो, एडब्ल्यूस्टॅट्स दुसरा, आणि मॅटोमो तिसराच. खरा कोणता?

तिघे तीन वेगळ्या गोष्टी मोजतात.

व्हीएनस्टॅट सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावरून गेलेले सगळे मोजतो: वेब, मेल, रात्रीचा बॅकअप, सॉफ्टवेअरचे अपडेट, अगदी दारावर धडका मारून गेलेल्या आगंतुकांचेही पॅकेट्स (माहितीचे छोटे तुकडे). येणारे आणि जाणारे दोन्ही. बिलाच्या सर्वांत जवळचा आकडा हाच, पण कोणत्या साइटचा वाटा किती, हे त्याला सांगता येत नाही. एडब्ल्यूस्टॅट्स आणि गोॲक्सेस वेब सर्व्हरचा लॉग वाचतात, म्हणून साइटनिहाय वाटणी तेच दाखवतात. मात्र लॉगमधले बाइट्स कुठे फक्त मजकुराचे असतात, कुठे हेडरसह (मजकुराआधी जाणाऱ्या तांत्रिक माहितीसह). ते लॉगच्या मांडणीवर ठरते. एन्क्रिप्शनचा आणि वाटेत हरवून पुन्हा पाठवलेल्या पॅकेट्सचा भार तर त्यात येतच नाही. मॅटोमो, म्हणजे २०१८ पर्यंतचे पिविक, साधारणपणे पानातल्या स्क्रिप्टवर चालते. ज्याने स्क्रिप्ट अडवली तो वाचक त्याला दिसत नाही, बहुतेक बॉट्सही (आपोआप पाने मागणारे प्रोग्रॅम) दिसत नाहीत आणि बाइट्स तर तो मोजतच नाही.

शिवाय काही साधने हजाराच्या पटीत मोजतात, काही १०२४ च्या. टेराबाइटपर्यंत पोहोचल्यावर हा फरक जवळपास दहा टक्क्यांचा होतो.

म्हणून आम्ही वर्गणीची वाटणी लॉगवरून करतो, महिन्याच्या मर्यादेवर व्हीएनस्टॅटने लक्ष ठेवतो, आणि कोणता लेख लोकांनी वाचला हे ज्याला हवे असेल त्याने मॅटोमो लावावे. या तिन्ही आकड्यांना एका रांगेत बसवून भांडू नये, ही मनापासून विनंती.

या महिन्यात आमचा वापर अचानक तिप्पट झाला. नेमका कुठे गेला, हे कसे शोधायचे?

अंदाज बांधण्याआधी ॲक्सेस लॉग उघडा. त्यातली एक ओळ म्हणजे एक मागणी. तिच्यात क्रमाने मागणाऱ्याचा पत्ता, वेळ, कोणती फाइल मागितली, तीन आकडी निकाल, किती बाइट्स गेले, कुठल्या पानावरून आला आणि कोणत्या ब्राउझरने आला, एवढे असते. हव्या त्या सगळ्या उत्तरांचा कच्चा माल यात आहे.

पहिली बेरीज फाइलनिहाय करा: प्रत्येक फाइलचे सगळे बाइट्स एकत्र करून मोठ्यापासून लहान अशी यादी. किती वेळा मागितली गेली ते इथे बाजूला ठेवा, कारण मुखपृष्ठ हजारदा उघडले तरी ते काही एमबी असते आणि दिवाळी अंकाची ४० एमबीची पीडीएफ ५०० जणांनी उतरवली की २० जीबी होतात. बहुतेक वेळा यादीच्या पहिल्या दहा ओळींतच उत्तर सापडते: स्मरणिका, ट्रेकचा न छाटलेला फोटो अल्बम, कुणीतरी टाकलेली व्याख्यानाची ध्वनिफीत.

तिथे काही सापडले नाही तर दुसरी बेरीज पत्त्यानुसार करा आणि तिसरी ब्राउझरच्या नावानुसार. एकाच पत्त्यावरून किंवा एकाच नावाच्या प्रोग्रॅमकडून वापराचा मोठा भाग गेला असेल तर तो बॉट असू शकतो. चौथी बेरीज तासानुसार. माणसांचा आलेख सकाळी चढतो, रात्री जेवणानंतर टेकडी करतो आणि पहाटे झोपतो. पहाटे तीनलाही सपाट उंचीवर चालणारा आलेख माणसांचा नसतो.

निकालाचा आकडाही वाचायला शिका. २०० म्हणजे फाइल पूर्ण गेली. ३०४ म्हणजे ब्राउझरकडे प्रत आधीच होती, नुसता निरोप गेला. ४०४ म्हणजे फाइल नाही. आणि २०६ म्हणजे फाइलचा तुकडा गेला. मोठी पीडीएफ किंवा ध्वनिफीत ब्राउझर अनेकदा तुकड्यातुकड्यांनी मागतो आणि प्रत्येक तुकड्याची लॉगमध्ये वेगळी ओळ पडते. म्हणून 'आमची स्मरणिका नऊ हजार वेळा उतरवली' असे कुणी सभेत सांगण्याआधी त्यातल्या २०६ च्या ओळी किती, ते पाहावे. फाइलचे एकूण बाइट्स भागिले फाइलचा आकार, हा हिशोब सत्याच्या खूप जवळ नेतो.

अहवालातला दिवस आमच्या दिवसाशी जुळत नाही. असे का?

सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असले की आपल्या पहाटे साडेपाचला तिथली तारीख बदलते. विसर्जनाच्या रात्री एक वाजता आलेले वाचक आदल्या दिवसात मोजले जातात. लॉगमध्ये वेळेपुढे ०५३० अशी खूण असेल तर ती भारतीय वेळ. आपल्या सर्व्हरवर भारतीय वेळ ठेवली आहे, पण परदेशातल्या एखाद्या सेवेचा अहवाल शेजारी ठेवताना हा फरक ध्यानात असू द्या.

फोटो किती मोठा चालेल?

पडद्यावर पाहण्यासाठी १२०० पिक्सेल रुंदी पुरते. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. तो १२०० रुंदीवर आणला की मूळच्या फक्त ९ टक्के पिक्सेल उरतात, आणि फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही. चार एमबीचा फोटो पानावर टाकून स्टाइलमध्ये 'लहान दाखव' लिहिल्याने काही साधत नाही. पूर्ण चार एमबी जातातच, वाचकाच्या मोबाइल पॅकमधूनही जातात. वेबपी स्वरूप वापरले तर जेपेगपेक्षा आकार आणखी उतरतो आणि आताचे सगळे प्रमुख ब्राउझर ते दाखवतात. अल्बममध्ये आधी लघुचित्रे ठेवा, मोठा फोटो मागितल्यावरच द्या.

पक्षीनिरीक्षकांसाठी एक कळकळीची सूचना. फोन फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. फोटो लहान करताना ही माहिती काढून टाका. थोडे बाइट्स वाचतात, ते गौण आहे. घरट्याचा पत्ता अनोळखी माणसाच्या हातात पडत नाही, हे खूप महत्त्वाचे आहे.

देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जड असतो का?

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे साठवण्याच्या रूढ पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते, रोमन अक्षर एक. पण पान जिझिप किंवा ब्रॉटलीने दाबून पाठवले की हा फरक मोठ्या प्रमाणात भरून निघतो, आणि सर्व्हरवर ते चालू आहे. लांबलचक मराठी लेखही एका बेताच्या फोटोपेक्षा हलका असतो. तेव्हा मजकूर टाकताना कधीही हात आखडता घेऊ नका. सूचनेचा फोटो काढून चिकटवण्यापेक्षा ती टंकून टाका: हलकी होते, शोधता येते आणि अंध वाचकाचे यंत्र ती वाचूनही दाखवते.

जडपणा येतो तो वेबफाँटमुळे, म्हणजे पानासोबत पाठवलेल्या फाँटमुळे. एकच फाँट, दोनच वजने (साधे आणि ठळक), आणि डब्ल्यूओएफएफ२ स्वरूप एवढ्यावर भागवा. फाँट छाटून लहान करणार असाल तर 'ज्ञानेश्वर', 'उत्कृष्ट', 'ऱ्हास' असे शब्द तपासा. चुकीच्या पद्धतीने छाटला तर जोडाक्षरे फुटतात.

गणेशोत्सवात, पालखीच्या दिवसांत किंवा पुराच्या वेळी साइट हळू होते. आधी काय तयारी करायची?

पुण्याच्या गर्दीचे दिवस आधी माहीत असतात, ही आपली मोठी सोय आहे. माउलींची आणि तुकोबांची पालखी भवानी पेठ, नाना पेठेत मुक्कामी असते तेव्हा रस्ते कुठे बंद आहेत याची पाने उघडली जातात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तोवर मंडळाच्या पानावर येजा असते.

या दिवसांसाठी एक साधे स्थिर पान बनवा: मजकूर, एक हलका नकाशा, बस्स. डेटाबेसला दरवेळी विचारून बनणारे पान शंभर जण एकदम आले की अडखळते, आणि तेव्हा दोष बँडविड्थचा नसून प्रोसेसर आणि मेमरीचा असतो. स्थिर पान तेच काम सहज पेलते.

थेट प्रक्षेपण या सर्व्हरवरून करू नका. हिशोब पाहा: एका प्रेक्षकाला २ एमबीपीएस लागतात, २०० प्रेक्षकांना ४०० एमबीपीएस, आणि तासाला १८० जीबी. व्हिडिओच्या सेवेवर प्रक्षेपण करा आणि इथे त्याचा दुवा द्या. तोही टिचकी मारल्यावरच सुरू होईल असा.

पुराचे मात्र वेळापत्रक नसते. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की नदीकाठच्या सोसायट्यांची माणसे रात्री-अपरात्री पान उघडून पार्किंगमध्ये पाणी आले का, गाड्या हलवायच्या का, हे बघतात. त्या दोन ओळी वेळेवर पोचणे हे या सर्व्हरचे सर्वांत मोलाचे काम आहे असे मी मानतो. म्हणून मोठ्या फाइल्सचा वेग आम्ही कायम मर्यादित ठेवतो: पहिले काही एमबी पूर्ण वेगाने, पुढे सावकाश. एंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे. स्मरणिका उतरवायला दोन मिनिटे जास्त लागली तर कुणाचे बिघडत नाही.

कॅशिंगसाठी (फाइलची प्रत ब्राउझरने जपून ठेवण्यासाठी) आम्हाला काही करावे लागते का?

थोडेसे. चित्रे, फाँट आणि स्टाइल फाइल्स वाचकाच्या ब्राउझरने वर्षभर जपून ठेवाव्यात असे सर्व्हर सांगतो. त्यामुळे स्टाइल बदललीत तर फाइलला नवे नाव द्या, नाहीतर जुन्या वाचकांना जुनेच रूप दिसत राहील. पानांच्या मजकुराला ही मुदत लावलेली नाही.

बॉट्स एवढे का येतात? सगळे बंद करून टाकता येणार नाहीत का?

येतील, पण मग वाचनालयाची ग्रंथसूची गूगलवर सापडणार नाही. शोधयंत्रांचे बॉट्स हवेत. गूगलबॉट, बिंगबॉट हे त्यातले. एसईओचा (शोधयंत्रांत साइट वर आणून देण्याचा) धंदा करणाऱ्यांचे बॉट्स आपल्या काही कामाचे नाहीत. एआय प्रणालींसाठी मजकूर गोळा करणारे जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, सीसीबॉट असे वेगळे असतात. त्यांना येऊ द्यायचे की नाही, हे प्रत्येक गटाने आपल्या सभेत ठरवावे. आम्ही परस्पर ठरवत नाही.

मनाई सांगायची जागा म्हणजे रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल. ही पद्धत १९९४ पासून चालत आली आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून तिला रीतसर मानकाचे रूप मिळाले. ती पाळणे मात्र ऐच्छिक आहे. 'दोन मागण्यांत एवढे सेकंद थांब' ही सूचना बिंग पाळतो, गूगल पाळत नाही. जे काहीच पाळत नाहीत, त्यांच्यासाठी मागण्यांच्या संख्येवर मर्यादा आहे: ती ओलांडली की ४२९ हा निकाल जातो.

नावावर विश्वास ठेवू नका. स्वतःला गूगलबॉट म्हणवणारे तोतये खूप. पत्त्यावरून नाव काढायचे, त्या नावावरून पुन्हा पत्ता काढायचा, आणि दोन्ही जुळले व नाव गूगलच्याच डोमेनमधले निघाले तरच तो खरा.

कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेकडे विशेष लक्ष द्या. 'पुढचा महिना' हा दुवा कधीच संपत नसेल, तर बॉट पुढे पुढे जात रिकामे महिने मागत राहतो आणि प्रत्येक पान बनवताना डेटाबेसला त्रास होतो. वर्षभरानंतरचे दुवे बंद करा. आपल्या सर्व्हरवर बॉट्समुळे होणारा निम्मा त्रास एवढ्याने थांबेल असे मला वाटते.

दुसऱ्याच साइटवर आमचे फोटो थेट आमच्या सर्व्हरवरून दिसतात. काय करावे?

आधी त्यांना सभ्यपणे लिहा. अनेकांना ठाऊकच नसते की फोटो त्यांच्याकडे दिसतो आणि खर्च आपल्याकडे पडतो. ऐकले नाही तर मागणी कुठल्या पानावरून आली ते पाहून नकार देता येतो. पण ही माहिती कोरी असलेल्या मागण्या अडवू नका. गोपनीयतेसाठी कित्येक ब्राउझर ती पाठवत नाहीत आणि आपलेच वाचक उपाशी राहतील.

आमचा वाटा संपला तर साइट बंद करता का?

नाही. काही ठिकाणी अशा वेळी ५०९ क्रमांकाचे 'मर्यादा संपली' असे पान दाखवतात. आपल्याकडे ते कधीच दाखवले जात नाही. वाट्याच्या तीन चतुर्थांशावर पोचलात की तुम्हाला निरोप येतो, आणि सोबत तुमच्या सर्वांत जड दहा फाइल्सची यादी. वाटा संपला तर मोठ्या फाइल्सचा वेग आणखी कमी होतो. मजकूर सुरूच राहतो.

डेटा सेंटरवाले '९५ वा पर्सेंटाइल' म्हणतात, ते काय?

काही ठिकाणी एकूण जीबीऐवजी वेगावर पैसे घेतात. दर पाच मिनिटांनी वेगाची नोंद होते. ३० दिवसांच्या ८,६४० नोंदी उतरत्या क्रमाने लावून वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२, सोडून देतात आणि त्याखालच्या नोंदीवर बिल लावतात. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. महिन्यात एवढी एकच गर्दी असेल, तर विसर्जनाची अख्खी मिरवणूक त्यात बसते. पण रोज दोन तास चालणारा बॅकअप महिन्याला ६० तास होतो, आणि तो बिल वाढवतो.

लॉग किती दिवस ठेवता? त्यात लोकांचे पत्ते असतात ना?

असतात, आणि म्हणून हे हलक्यात घ्यायचे नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या इत्यादींना लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवायला सांगितले आहे. आपणही तेवढेच ठेवतो. लॉग फिरवणारे साधन बऱ्याच लिनक्स वितरणांत मुळात चारच आठवड्यांचे लॉग ठेवते, त्यामुळे स्वतःचा वेगळा सर्व्हर चालवणाऱ्यांनी ती संख्या बदलून घ्यावी. १८० दिवसांनंतर लॉग पुसले जातात, फक्त महिन्यांच्या बेरजा उरतात.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेऊन साइट सांभाळणाऱ्यांना दिलेल्या अहवालांत पत्त्याचा शेवटचा भाग झाकलेला असतो. अहवालाची पाने पासवर्डमागे आहेत, ती उघडी करू नका. उघड्या अहवालांत स्वतःच्या साइटचा दुवा झळकावा म्हणून काही जण मुद्दाम खोट्या मागण्या पाठवतात, आणि मग 'कुठून आले' हा रकाना जाहिरातींनी भरतो.

वार्षिक सभेत आणि देणगीदारांना कोणता आकडा सांगावा?

बॉट्स वगळून उघडलेली पाने, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशेजारी ठेवून. गणेशोत्सव आणि दिवाळी तिथीने सरकतात, म्हणून त्या महिन्यांची तुलना सणाच्या आठवड्याने करा. 'इतक्या लोकांनी वाचले' असे म्हणू नका; लॉगमध्ये लोक दिसत नाहीत, मागण्या दिसतात. एखाद्या दुर्मीळ पुस्तकाची नोंद वर्षात चार जणांनीच उघडली आणि त्यातल्या एकाने वाचनालयात येऊन ते मागितले, तर तेही सभेत सांगा.

आमच्या साइटचा बॅकअप आमच्या वाट्यात मोजतात का?

सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप सामायिक खात्यात जातो. तो पहाटे दोन ते पाचमध्ये चालतो आणि बदललेला भागच पाठवतो. तुम्ही स्वतः उतरवून घेतलेली प्रत तुमच्या वाट्यात धरली जाते. ती महिन्यातून एकदा जरूर घ्या, शक्यतो दाबलेल्या स्वरूपात आणि सकाळची गर्दी टाळून.